पाऊण इंचाचा चमत्कार

सकाळचे दहा वाजायचे होते, तरी टायरच्या दुकानावरचा हॉल गच्च भरला होता. काठ्या, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या आणि त्या ढकलणारे नातेवाईक. हॉलपर्यंत चढायला तेवीस पायऱ्या. ज्यांचे गुडघे आणि खुबे कामातून गेलेत, अशांना बरं करायचं दुकान वरच्या मजल्यावर थाटायला छाती लागते. समपादबाबाकडे ती होती. "जो वर चढला त्याची श्रद्धा पक्की," असं तो म्हणायचा. जे चढू शकले नाहीत त्यांच्याबद्दल तो काही म्हणायचा नाही.

दारातच एक बाई प्रत्येकाचे बूट-चपला काढून घेत होती आणि बिननाडीचे पांढरे कापडी बूट हातात ठेवत होती. "शुद्ध पादत्राण," ती सांगत होती. टेलर मास्तरांच्या पायात ते बूट लडबडू लागले.

"एक नंबर लहान द्या की," मास्तर म्हणाले.

"इथे नंबर नसतो. इथे भाव असतो."

मास्तरांच्या मनात कसलाही भाव नव्हता. त्यांना दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, पाठवलं होतं. "एकदा डोळ्यांनी बघून ये, मग तोंड उघड," असं दाजींचं म्हणणं होतं.

ताईचा उजवा खुबा बदलून बारा दिवस झाले होते. ऑपरेशनच्या आधी मास्तरांनी स्वतः तिच्या घरातल्या सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. तिच्या खुर्चीच्या पायांखाली चार इंचांचे लाकडी ठोकळे ठोकले होते. खालच्या फळीवरचे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवले होते. दाढेतला संसर्ग नव्या सांध्यात उतरू नये, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून दुखरी दाढसुद्धा ताईने आधीच काढून घेतली होती. सगळं सुरळीत पार पडलं होतं. फक्त एकच कुरकुर होती. ताई म्हणायची, "हा पाय लांब झालाय रे. चालताना डावीकडची जमीन खचल्यासारखी वाटते."

डॉक्टरीणबाईंनी त्याचं कारण सांगितलं होतं. दहा वर्षं आखडलेले स्नायू ताणले गेलेत, शरीराला जुन्या मापाची सवय आहे, सहा आठवडे ते तीन महिने धीर धरा. दाजींना एवढं साधं उत्तर पटत नव्हतं.

मंचावर बाबा आला. पांढरा झब्बा, कानाला लावलेला माइक.

"पृथ्वी कललेली आहे, बाळांनो! साडेतेवीस अंशांनी! मग तिच्यावर चालणारा माणूस सरळ कसा राहील? तुमचा एक पाय ती ओढून घेते. मी तिच्याकडून तो परत मागतो. आणि डॉक्टर काय करतात? कापतात! कापून कुठली वस्तू लांब झालीय?"

हॉल हसला. मास्तरांनी आयुष्यभर कापडच कापलं होतं. तेही हसले, पण वेगळ्या कारणासाठी.

पहिला मान पोस्टमनचा होता. मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. डावा खुबा झिजलेला, दोन आठवड्यांनंतरची ऑपरेशनची तारीख मिळालेली. बाबाने त्याला बुटक्या खुर्चीत बसवलं, एक पाय दुसऱ्यावर घालून आत मुरगळला, मग दोन्ही पाय सरळ करून टाचा एका तळहातावर धरल्या आणि तळवे लोकांकडे केले. डावा तळवा अंगठाभर मागे.

"बघा!"

लोकांनी बघितलं. बाबाने डोळे मिटले, ओठ हलवले, सहायकाने पितळी तबकडीवर टोला दिला, आणि सगळ्यांच्या देखत डावा पाय हळूहळू उजव्याच्या बरोबरीला आला. टाळ्या, किंकाळ्या. कुणीतरी मोठ्याने रडू लागलं. पोस्टमन उठला, मंचावरून चार पावलं ताडताड चालला आणि बाबाच्या पायांवर पडला.

मास्तरांना काहीतरी खटकलं होतं. पण बोट कुठे ठेवावं ते कळेना.

गुरुवारी पोस्टमन तीन पॅन्टी घेऊन दुकानात हजर. गेली आठ वर्षं मास्तर त्याच्या पॅन्टचा डावा पाय पाऊण इंच आखूड शिवत होते.

"डाव्या पायाची दुमड सोडून दे. आता दोन्ही सारखे."

"बूट काढ, आधी माप घेतो."

"चमत्कार मोजतात काय रे? आणि ती ऑपरेशनची तारीखही रद्द करून टाकली मी. कशाला हवी?"

मास्तर माप घेतल्याशिवाय कधी कात्री उचलत नसत. त्या दिवशी उचलली. दुकानात गर्दी होती, पोस्टमनच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा धंद्याचा नियम होता. तिन्ही दुमडी सोडल्या, इस्त्री केली, घडी घालून दिल्या.

शनिवारी दुपारी ताईकडे गेले, तर दाजी वाटच बघत होते.

"आता काय म्हणतोस? तूच पॅन्टी सारख्या केल्यास ना? बाबांनी कालच्या प्रवचनात सांगितलं, टेलरनेही मान्य केलं म्हणून! उद्या आम्ही हिला नेतोय."

मास्तरांची कानशिलं तापली. आपल्या सुईचा दाखला त्या माणसाने मंचावर वापरला होता.

"दाजी, तो पाय मुरगळतो. मी बघितलंय. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलंय, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. खुब्यातला नवा गोळा वाटीतून निसटेल!"

"कागद! अरे, बाबा पाय मुरगळत नाहीत, पायाची समजूत घालतात."

"हाडाची कसली समजूत घालता?"

"तुझं काय जातंय? बायको माझी आहे."

"आणि पाय माझा आहे," ताई आतून म्हणाली. वॉकर टेकत ती दारात आली. "मास्तर, तू सांग. पोस्टमनचा पाय खरंच वाढला का? तू पॅन्ट सारखी केलीस, म्हणजे मोजलं असशील."

तीस वर्षं ताईने त्याच दुकानात काज-बटणाचं काम केलं होतं. न मोजता दुमड सोडल्याचं तिला सांगणं म्हणजे आचाऱ्याने न चाखता वाढल्याचं कबूल करण्यासारखं होतं.

"नाही मोजलं," मास्तर म्हणाले.

"मग मोज. तोवर मला माहीत नाही. उद्या मी जाईन, कारण मला हा पाय असा सहन होत नाही. पण डोळे उघडे ठेवून जाईन."

संध्याकाळी पोस्टमन आपणहून दुकानात आला. तळहात सोललेला, डाव्या पायाची शिलाई मातीने माखून फाटलेली. दोन दिवसांत तो स्वतःच्या पॅन्टवर पाय देऊन दोनदा पडला होता.

"बाबा म्हणतात, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो."

"म्हणजे पाय वाढला, पण पॅन्टला कळवायचं राहिलं?" मास्तर म्हणाले. "बूट काढ."

या वेळी त्यांनी ऐकून घेतलं नाही. कमरेच्या हाडापासून घोट्याच्या हाडापर्यंत टेप लावली. डावा पाय पूर्वीसारखाच, पाऊण इंच कमी. पोस्टमनचा चेहरा उतरला. "टेप आखडली असेल," तो म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

मास्तर तसेच बसून राहिले. मंचावरचं ते दृश्य त्यांनी डोळ्यांसमोर पुन्हा आणलं, या वेळी शिंप्याच्या नजरेने. तळव्यांकडे नाही, पॅन्टच्या कडेकडे बघितलं; ती जागची हललीच नव्हती. आणि बोट अचूक जागी पडलं.

रविवारी ताईला दाजी आणि शेजारचा ड्रायव्हर खुर्चीसकट उचलून वर घेऊन आले. पहिल्या रांगेत बसवलं. बाबाने तिच्याकडे बघून हात जोडले, मग नजर मास्तरांवर गेली.

"अरे, आपले टेलर मास्तर! ज्यांच्या टेपने साक्ष दिली ते! या, मंचावर या!"

"येतो," मास्तर म्हणाले. "पण बहिणीच्या आधी माझा पाय बघा, बाबा. मलाही वाटतं, काहीतरी वरखाली आहे."

बाबा खूश झाला. मास्तर बुटक्या खुर्चीत बसले. बाबाने टाचा धरल्या, पाय किंचित एका बाजूला वळवले आणि तळवे लोकांकडे केले. "उजवा पाय इंचभर आखूड! आयुष्यभर मशीन चालवून चालवून पृथ्वीने ओढून घेतला!"

"आता थांबा," मास्तर म्हणाले. "हात असेच ठेवा. हलवू नका." आणि त्यांनी वाकून दोन्ही पायांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर ओढली.

काळ्या मोज्यांवर खडूची पांढरी रेघ होती, घोट्याच्या खाली, गोल फिरवलेली.

"दारात बूट मिळाल्यावर परत जिन्यात बसून मी ही रेघ ओढली, बुटाच्या काठाला अगदी लागून. दोन्ही पायांना. ताई, दिसतंय? उजव्या पायाला रेघ अजून बुटाच्या काठाला चिकटलेली आहे. डाव्या पायाला रेघ आणि बूट यांच्यात अंगठाभर मोजा दिसतोय. माझा पाय जागेवरच आहे. बूट टाचेतून निघालाय. यांनी ओढलाय. डावा बूट पुढे आला म्हणून उजवा पाय आखूड दिसतो. आता मंत्र म्हणायचा आणि हळूच बूट परत टाचेवर दाबायचा. झाला पाय लांब! म्हणून दारात सगळ्यांना एक नंबर मोठे बूट देतात. उरलासुरला फरक पाय असे तिरके धरून झाकतात."

बाबाने टाचा सोडून दिल्या.

"खडू!" बाबा ओरडला. "पवित्र स्थानात खडू आणला! ऊर्जा तुटली!"

"बूट काढून करा की ऊर्जेचं काम," मागून एक बाई म्हणाली. "अनवाणी."

"अनवाणी पायाला पृथ्वी धरून ठेवते!"

"मग खुर्चीवर बसवून पाय वर उचलता ते कशाला?"

गलका झाला. कुणी बाबाला शिव्या घातल्या, त्याहून जास्त लोकांनी मास्तरांना घातल्या. एका म्हाताऱ्याने मास्तरांवर काठी उगारली. "तुझं काय बिघडवलं होतं त्यांनी? मला बरं वाटत होतं!" मास्तरांना त्याच्यावर चिडता आलं नाही. ते म्हणाले, "आजोबा, पाय खरंच वाढला असता तर तुमची पॅन्ट आखूड झाली असती. कधी झाली?" म्हाताऱ्याने खाली बघितलं. पॅन्ट होती तिथेच होती.

बाबा पडद्यामागच्या दाराने नाहीसा झाला. सहायक तबकडी विसरून त्याच्यामागे गेला.

दाजी खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "मला वाटलं होतं..."

"तुम्हाला वाटलं होतं की मी लवकर बरी व्हावी," ताई म्हणाली. "ते चांगलंच वाटलं होतं. पण त्याने माझा पाय त्या खुर्चीत मुरगळला असता, तर आज पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर गेले असते, आणि या वेळी चूक डॉक्टरांच्या माथी मारली गेली असती. तो मात्र म्हणाला असता, श्रद्धा कमी पडली."

दाजी पुढे आले. त्यांनी वॉकर उघडून तिच्यापुढे ठेवला.

पोस्टमन कोपऱ्यात उभा होता, फाटक्या दुमडीसकट. ताईने त्याला हाक मारली. आजूबाजूचे लोकही थांबून ऐकू लागले.

"तू तारीख रद्द केलीस ना? परत माग. जायच्या आधी घरातल्या सतरंज्या उचल, खुर्ची उंच कर, वॉकर आणून आधीच चालायचा सराव कर. दात दुखत असेल तर आधी बघून घे. तू घेतोस त्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहून डॉक्टरांना दाखव."

"दुखेल?"

"दुखेल. पहिले चार दिवस देव आठवतील. मग रोज थोडं थोडं कमी होईल, आणि तू विचारलंस तर का कमी झालं ते डॉक्टर तुला सांगू शकतील. मलाही पाय लांब वाटतोय अजून. दीड महिन्याने डॉक्टरीणबाई मोजणार आहेत, अनवाणी, हाडापासून हाडापर्यंत. फरक निघाला तर एका बुटात जाड तळ घालतील. नाही निघाला तर मला सवय होईल. दोन्हींपैकी काय ते मोजूनच ठरेल."

तेवढंच खरं सांगायचं आहे, वाचणाऱ्यांनाही. दुखणारा माणूस आशेला बळी पडतो, यात त्याचा गुन्हा नाही. गुन्हा त्याचा आहे जो ती आशा अंगठाभर बुटात लपवून विकतो. म्हणून कुणी तुमच्या देखत काही वाढवून दाखवलं, वितळवून दाखवलं, हवेतून काढून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी एकच करा. जवळ जाऊन बघा. मोजू द्या म्हणा. जो मोजू देतो त्याच्याशी बोला. जो मोजू देत नाही, त्याच्या हातात आपला पाय देऊ नका.

पोस्टमनने वाकून फाटकी दुमड आत मुडपून घेतली. मग त्याने विचारलं, "हॉस्पिटलातली तारखेची खिडकी किती वाजता उघडते?"

"नऊला," ताई म्हणाली. "साडेआठला जाऊन उभा राहा."