आडवी पुंगळी

विन्स्टन भित्रा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, वाळवंटात उन्हानं डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं. वसईचा गडी. आखातात, खलिफा सिटीत एका अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, व्हिलामागं, एसीच्या थंडगार खोलीत, रायफलची आणि पिस्तुलाची काडतुसं भरायचं काम तो वर्षानुवर्षं करत होता. अरबाब नेमबाज आणि त्याची मुलगी इनाया त्याच्याहून सरस. परवाने, पाहणी, सगळं रीतसर. खोलीला एकच दार, आणि ऑस्कर गेल्यापासून त्याची किल्ली फक्त विन्स्टनच्या गळ्यात, क्रुसाशेजारी.

ऑस्कर त्याचा जोडीदार, गावचाच. काडतुसांच्या कोऱ्या, रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर या माणसाचा काडीचा विश्वास नव्हता. "नवी आहे म्हणून शहाणी आहे असं समजू नको," म्हणायचा. खोक्यात एकमेकींवर आपटून त्यांची तोंडं चेपतात. म्हणून प्रत्येकीचं तोंड गोल करायचं, लांबी मोजायची, कडेची कूस घासून काढायची, आणि शेवटी आत फूऽ करून एक फुंकर मारायची. मानेला बाम चोळलेला, त्यामुळं फुंकरीबरोबर बामाचा वास. आणि एक खोड होती त्याची. काही चुकलेलं दिसलं की तोंडानं सांगायचा नाही. टेबलावर एक पुंगळी आडवी ठेवायचा आणि खुशाल चहाला निघून जायचा. आडवी पुंगळी म्हणजे थांब, पुढं जाऊ नकोस. चूक विन्स्टननं शोधायची, ती सापडली की पुंगळी उभी करायची. विन्स्टन असा चिडायचा की बस!

मग एका दुपारी मनखूलच्या घरून जॅकलीनचा, ऑस्करच्या बायकोचा, फोन आला. "विन्स्टन, ऑस्कर गेला रे." त्याच्या सुट्टीचा दिवस, माणूस आंघोळीला गेला आणि तिथंच कोसळला. विन्स्टनचे हात तेव्हा कामात होते. काडतुसं भरायच्या यंत्रात उरलेली पावडर त्यानं डब्यात ओतली, दाराला कुलूप ठोकलं आणि तो धावत सुटला.

दफन आटोपलं. काम कुणासाठी थांबतंय? शुक्रवारी इनायाची मॅच होती. विन्स्टननं कोऱ्या पुंगळ्यांचं खोकं फोडलं, दिवसभर एकट्यानं सगळ्या तयार केल्या, लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या केल्या आणि कुलूप लावलं.

सकाळी एक पुंगळी टेबलावर आडवी.

आपणच विसरलो असू, असं म्हणून त्यानं ती उचलली. मोजली, वजन केलं, भिंग लावून पाहिली. कुठं चीर नाही, डाग नाही. फक्त आतून धुकट झाली होती, कुणीतरी नुकती फुंकर मारावी तशी. त्या कोरड्या खोलीत! त्यानं ती पुंगळी करवतीनं उभी चिरली. आत निखळ, चकचकीत पितळ. तुकडे भंगारात टाकले आणि आमेन म्हणून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुसरीच पुंगळी आडवी. आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्यानं अख्खा ठोकळा उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. सकाळी तिथंही एक आडवी, आणि तिचं तोंड पहिल्यांसारखंच पावडरच्या कपाटाकडं. हे तोंडाचं त्याच्या लक्षात आलं, पण माणूस घाबरला की अक्कल गहाण पडते.

तेवढ्यात इनाया दारात आली. "विन्स्टन अंकल, आर दे रेडी? बाबा बोल रहे हैं, आज भर दो. यल्ला!" अठरा वर्षांची पोर, हसत आली, हसत गेली.

आता भुताला भ्यायचं की अरबाबला? विन्स्टननं कपाटातून रायफलच्या पावडरचा डबा काढला आणि झाकणाला हात घातला.

टण्ण.

भर दिवसा, त्याच्या पाठीमागं. तो वळला. ठोकळ्यातली एक पुंगळी टेबलावर पडून गडगडत येत होती. ती कडेशी थांबली, सावकाश फिरली, आणि तिचं तोंड त्याच्या हातातल्या डब्याकडं झालं. खोलीत बामाचा वास भरून राहिला होता.

"ऑस्कर?" विन्स्टन म्हणाला. "पुंगळ्या नाहीत का रे? हे आहे?"

त्यानं पांढऱ्या कागदावर डब्यातली चिमूटभर पावडर ओतली. रायफलचे लांबट दाणे, आणि त्यांच्यात मिसळलेल्या बारीक, काळ्या चपट्या टिकल्या. पिस्तुलाची पावडर, रायफलमध्ये भलत्याच जोरानं पेटणारी! फोन आला तेव्हा यंत्रात तीच होती. त्या गडबडीत त्यानं ती भलत्याच डब्यात ओतली होती. शुक्रवारी पोरीनं गाल रायफलला टेकवून घोडा ओढला असता, तर रायफल तिच्या तोंडावरच फुटली असती.

"पाहिलं रे बाबा," तो म्हणाला. "पाहिलं." त्यानं पुंगळी उचलली आणि उभी केली. वास हळूहळू विरला.

अरबाबला त्यानं सगळं खरं सांगितलं, फक्त पुंगळ्यांचं तेवढं गिळलं. तो डबा नष्ट करायला गेला, नवा आला. दुसऱ्या सकाळी त्यानं दार उघडलं, तर सगळ्या पुंगळ्या शहाण्या मुलांसारख्या ओळीत उभ्या. सुटलो म्हणावं की नाही? पण विन्स्टन कितीतरी वेळ टेबलाकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच एक पुंगळी उचलली, आडवी ठेवली, "आता तू उभी कर," म्हणाला आणि चहाला गेला.

चहा त्यानं मुद्दाम सावकाश प्यायला. परत आला, तेव्हा पुंगळी आडवीच होती. तेव्हा कुठं, जॅकलीनच्या फोननंतर पहिल्यांदाच, विन्स्टन रडला.