एक काना कमी

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर एकच शब्द कोरला आहे, ‘टळले’. थंडर बे गावातल्या एका कचेरीत माझा मुक्काम असतो. बुद्धिमान यंत्रे चुकली की कोणाचे काय आणि किती बिघडले, याची तिथे प्रतवारी होते. माणसाला इजा झाली तर ‘घडले’ हा शिक्का उमटतो आणि यंत्र बंद ठेवावे लागते. मालमत्तेचे थोडेफार नुकसान असेल तर मी उमटतो आणि यंत्र चालू राहते.

मित्रांनो, सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! कोलीनबाई मला असा दाबत की अक्षर न अक्षर उठून दिसे. त्यांचे साहेब मर्डो म्हणत, “हा उमटला की जिवाला घोर नाही.” मी फुगून जाई. पण त्या हिवाळ्यापासून मला चैन पडत नाही.

गोठलेल्या तळ्यावर बर्फ किती जाड आहे, हे सांगणारे एक यंत्र मासे धरणारे लोक फोनवर वापरत. यंत्र ‘खुशाल जा’ म्हणाले, म्हणून एस्को टोर्विनेन हा म्हातारा निघाला. त्याची कुत्री हिल्ला पुढे धावली आणि बर्फ फुटला. मागे होता म्हणून एस्को वाचला. हिल्ला वर आलीच नाही.

नियमाप्रमाणे कुत्रे म्हणजे मालमत्ता. एस्को समोर बसला होता आणि कोलीनबाईंनी मला उचलले होते. माझी शाई नुसती चुरचुरत होती.

“तिची किंमत किती धरायची?” मर्डोंनी विचारले.

“ती विकायची नव्हती.”

“रागावू नका, एस्कोकाका. माणूस बुडाला नाही ना? मग टळलं म्हणायचं.”

“टळलं?” म्हातारा ताडकन उठला. “अरे, टळलं नाही, टाळलं! माझ्या हिल्लानं टाळलं! तू शनिवारी जाणार ना मासे धरायला? जा की, याच यंत्राला विचारून जा. फक्त पुढं सोडायला एखादी मालमत्ता घेऊन जा, बाबा!”

मर्डोंनी हातातला गुलाबी साखर लावलेला गोड पाव खाली ठेवला.

“शनिवारी अर्धं गाव तळ्यावर असतं, मर्डो,” कोलीनबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी मला खाली ठेवले आणि ‘घडले’ उचलून जोरात दाबला. कोणाला इजा झाली, या रकान्यात त्यांनी लिहिले, हिल्ला. यंत्र त्याच दिवशी बंद झाले.

आता मी खणात पडून असतो. शाई वाळली आहे, त्याचे दुःख नाही. पण मी जिथे जिथे उमटलो, तिथे तिथे कोण पुढे गेले होते? हे कोणी विचारलेच नव्हते, आणि त्या विचाराने मी इथे अंधारात तळमळतो.

मित्रांनो, ‘टळले’ म्हणण्याआधी तुम्ही तेवढे विचारत जा. माझ्या अंगावर एक काना कमी आहे. तो मला स्वतःला घालता येत नाही.