भिंगरीचं फिरतं स्टूल

मित्रांनो, पियानो आपली गोष्ट सांगायला नेहमीच तयार असतो, तेव्हा आज जरा माझी ऐका. मी त्याच्यासमोरचं जुनं फिरतं स्टूल. टाळ्या त्याला, फुलांचे गुच्छ त्याच्या डोक्यावर, आणि माझ्या वाट्याला आयुष्यभर आली ती लोकांची पाठ. पण एका मुलीला मी जितकं जवळून ओळखलं, तितकं त्या काळ्या पेटाऱ्यानं कधीच ओळखलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कठीण लाकडाचे तीन पाय, वर गोल बैठक आणि मधोमध आटे पाडलेला लोखंडी दांडा. बैठक एका बाजूला फिरवली की मी उंच होतो, उलट फिरवली की ठेंगणा. सुतारानं आट्यांना तेल घातलं, मला वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "कुरकुरू नकोस म्हणजे झालं." तेव्हापासून मी कुरकुरतोच आहे.

मला एका हॉटेलनं विकत घेतलं. तिथल्या जेवणाच्या दालनात संध्याकाळी जॅझचा बँड वाजायचा. त्या बँडमध्ये एक उंच, अबोल गृहस्थ बास वाजवत. बास म्हणजे माणसाहून थोराड असं तंतुवाद्य. उभं धरायचं आणि बोटांनी छेडायचं. सकाळी दालन झाडून होत असताना ते सरावाला येत आणि धाकट्या मुलीला बरोबर आणत. घरी तिची आई शिवणयंत्रावर बसलेली असे, आणि पोरीला त्या यंत्राच्या सुईखाली बोट घालून बघायची फार हौस. म्हणून तिची रवानगी इकडे. आल्या आल्या ती माझ्यावर पोट टेकायची आणि गरगर फिरत सुटायची. तिचं नावच भिंगरी पडलं.

बँडचा पियानोवाला नुकताच दुसरीकडे गेला होता. एका सकाळी भिंगरीचे बाबा आणि ड्रमवाले काका दोघंच एक चाल घोळवत होते. आता जॅझची गंमत अशी असते की, चाल सगळ्यांच्या ओळखीची असते. ती एकदा सरळ वाजवायची. मग एकेकानं त्या चालीपासून निघून आपल्या मनानं हुंदडून यायचं आणि बाकीच्यांनी ताल धरून त्याला सांभाळायचं. हुंदडून आलेला कुठून कसा घरी पोचेल, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. त्या सकाळी भिंगरी माझ्यावर गुडघे टेकून बसली आणि दोन बोटांनी चाल वाजवू लागली. नंतर चार बोटांनी. मग निघालीच की हुंदडायला! मला वाटलं, आता ही हरवते. पण ती अगदी वेळेवर परत आली, तीही हसत.

काका ड्रम सोडून उठले. "हिला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "घरी पियानो कुठाय आमच्या?"

"मग आता कोणी शिकवूही नका," काका म्हणाले, आणि दोघांनी हसत तीच चाल तिच्यासाठी पुन्हा धरली. मित्रांनो, तेवढा आनंद त्या दालनात मी पुन्हा पाहिला नाही.

पुढं जे झालं ते सांगताना आजही मला भरून येतं. सात वर्षांची भिंगरी बँडमध्ये बसू लागली. बाबांनी मला पार वरच्या आट्यापर्यंत चढवलं, तेव्हा कुठं तिचे कोपर पट्ट्यांच्या उंचीला आले. आईनं पांढरा फ्रॉक शिवला, मागं मोठ्ठा बो असलेला. ती वाजवू लागली की लोक घास हातात धरून ऐकत बसायचे. मग दुसऱ्या शहरांतून बोलावणी आली. भिंतीभिंतींवर चित्रं लागली: 'सात वर्षांची चिमुरडी, पाय जमिनीला पोचत नाहीत, हात आभाळाला!' दुसऱ्या कुठल्या स्टुलावर ती बसेना, म्हणून हॉटेलवाल्यांनी मला तिच्याच हवाली केलं. अशा रीतीनं मीही गावोगाव हिंडलो. माझे पाय जमिनीवर होते, पण डोकं जरा चढलंच होतं.

एका कार्यक्रमात, काकांचा ड्रम सुरू असताना, भिंगरीनं माझ्यावर बसल्या बसल्या एक गिरकी घेतली. लोक खो खो हसले, पण ती पडता पडता वाचली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या आट्यांत एक लाकडी पाचर ठोकली. बैठक आता फिरेना, वर नाही, खाली नाही. काळजीपोटीच ठोकली होती, याला मी साक्षी आहे.

पण मुलं काय पाचर ठोकून थांबतात? भिंगरी वाढत गेली. पाचर तशीच राहिली, चित्रावरची सात वर्षंही तशीच राहिली. आता माझ्या उंचीवरून तिला पट्ट्यांवर वाकावं लागे. मनगटं दुखत. मध्यंतरात आई ती गरम ओल्या फडक्यानं शेकून देई.

"अहो, फ्रॉकची शिवण किती उसवू?" आई एकदा म्हणाली. "पोरगी वाढतेय, कापड नाही वाढत!"

"एवढं वर्ष जाऊ दे," बाबा म्हणाले. "छोटी आहे म्हणून लोक येतात गं. मोठी झाली की तिला कोण विचारणार? चांगले वाजवणारे पायलीला पन्नास आहेत."

बाबा दुष्ट नव्हते, मित्रांनो. ते घाबरले होते. आयुष्यभर ते बँडच्या मागच्या ओळीत उभे राहिले होते आणि तिकडे कोणी बघत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भिंगरीवर ती पाळी येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणून लोकांना जे आवडलं ते त्यांनी घट्ट धरून ठेवलं. तिचं हुंदडणंसुद्धा! एका रात्री ती जशी वाजवून गेली होती, तसंच्या तसं रोज वाजवायचं असं ठरलं. तोच वळसा, तीच उडी, तेच हसू. काका एकदा पुटपुटले, "अरे, ही तर कवायत झाली." बाबा बासच्या तारा जुळवत राहिले. मला मात्र सगळं कळत होतं. पूर्वी वाजवताना ती माझ्यावर एका जागी ठरत नसे. आता पोतं ठेवावं तशी बसून असायची.

मग ते मोठं सभागृह आलं. गच्च भरलेलं. पडदा वर गेला तेव्हा भिंगरी नेहमीसारखी आधीच माझ्यावर बसलेली होती. चाल वाजवून झाली, तिची हुंदडायची वेळ आली आणि तिचे हात थांबले. बाबांचा बास चालू, काकांचा ताल चालू, पियानो गप्प. लोक चुळबुळू लागले. भिंगरी माझ्यावरून खाली उतरली, मला बाजूला सरकवलं आणि उभ्या उभ्या वाजवू लागली. काय वाजवत होती कोण जाणे! चाचपडत होती, अडखळत होती, पण ते त्या क्षणाचं होतं, तिचं होतं.

आणि उभी राहिल्यावर सगळ्यांना दिसलं. फ्रॉक आखूड, हातपाय लांब. "अगं बाई! ही कसली सात वर्षांची? ही तर चांगली घोडी झालीय!" कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. हशा पिकला. भिंगरीच्या कानशिलांपर्यंत लाली चढली, पण तिनं हात थांबवले नाहीत.

बासचा आवाज बंद पडला. बाबांनी तो थोराड बास जमिनीवर आडवा ठेवला. ते भर रंगमंचावर माझ्यापाशी आले, गुडघे टेकून बसले, पायातला बूट काढला आणि त्याच्या टाचेनं पाचर ठोकून काढली. मग त्यांनी मला फिरवलं. गंज चढलेले आटे जिवाच्या आकांतानं कुरकुरले. शेवटच्या ओळीलाही ऐकू गेलं असेल. काका हलक्या हातानं ताल धरून होते. मी पुरेसा खाली आल्यावर बाबांनी मला तिच्यामागं सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "आणि आता मला विचारू नकोस. वाजव. मी येतो मागून."

ती बसली. तिचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले मला पहिल्यांदाच जाणवले. ती कुठं निघालीय हे बाबांना कळत नव्हतं. ते तिच्या हातांकडे बघत, चुकत, सावरत तिच्यामागं जात राहिले.

टाळ्या पडल्या, पण पूर्वीसारख्या नाहीत. काही मंडळी कुजबुजत उठून गेली. भिंतींवरची चित्रं उतरली आणि बोलावणी आटली. बाबांचं भाकीत खरं ठरलं, हे कबूल करायलाच हवं. भिंगरीनं पुढं लहानसहान जागी वाजवलं, दुसऱ्यांच्या साथीला बसली, मागच्या ओळीतही राहिली. मग सावकाश, अगदी सावकाश, तिच्या वाजवण्यासाठी लोक येऊ लागले. आता ती परगावी असते आणि चांगल्या रुंद बाकावर बसून वाजवते. त्या बाकाचा मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

मी असतो तिच्या आईवडिलांच्या स्वयंपाकघरात. बाबा आता थकलेत. माझ्यावर बसून रेडिओवर तिचं वाजवणं ऐकतात. परवा म्हणाले, "काय वाजवतेय कार्टी, मला ओ की ठो कळत नाही!" आणि पुढं वाकून, कान देऊन ऐकत राहिले.

मित्रांनो, आम्हा स्टुलांच्या आट्यांना वर्षातून एकदा तेल घाला, जास्त काही मागत नाही. पण एक सांगतो. तुम्ही छोटे आहात म्हणून तुमचं कौतुक करणारी माणसं तुम्हाला भेटतील. त्यातली काही तुम्हाला तेवढंच ठेवू पाहतील. त्यांच्यावर रागावू नका, बहुधा ती मायेची असतात. तुम्ही फक्त खाली उतरा आणि त्यांच्यासमोर उभे राहा. त्यांना दिसेल.