आधी चूक, मग कारण

माझी होडी चौदा फुटांची. एक डोलकाठी, दोन शिडं आणि तीन माणसांपुरती जागा; चौथ्याला यायचं असेल तर त्याने गुडघे घरी ठेवून यावं. शनिवार-रविवारी सकाळी ती तलावात घालायची, बारापर्यंत वाऱ्याबरोबर हिंडायचं, मग शीड सैल सोडून डबा खायचा आणि जरा आडवं व्हायचं. एवढीच माझी चैन.

गेल्या वर्षापासून सुट्टी लागली की माझी नातही येते. दहा वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात, पण सुकाणूचा दांडा हातात दिला की तीच मुलगी तासभर हलत नाही. वारा कुठून येतोय हे ती आता गालाने ओळखते. मी शिकवलं ते इतकंच की पाण्याकडे बघ, घाई करू नकोस आणि चुकलं तर सांग.

या शेवटच्या गोष्टीचा आमच्या होडीवर कायदाच आहे. जो चुकेल त्याने आधी आपली चूक सांगायची, मग कारण. कारण आधी आलं की चूक त्याच्या पाठीमागे लपते आणि पाण्यावर तेवढा वेळ नसतो. सांगितलेल्या चुकीबद्दल कोणी रागवायचं नाही. भिंगरीने या वर्षभरात अशा वीस-एक चुका सांगितल्या असतील. माझ्या तीन.

माझी लेक, म्हणजे भिंगरीची आई, दवाखान्यात नर्स आहे. जावई परगावी नोकरीला. गेल्या महिन्यात लेकीच्या ड्यूट्या बदलल्या आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस कामाचे झाले. आता पोरीने ते दिवस काढायचे कुठे? एक तर माझ्याबरोबर होडीवर, नाही तर एका बाईंच्या पाळणाघरात, जिथे मोठ्या मुलांना खोलीत टीव्हीपुढे बसवून ठेवतात.

लेकीला पाण्याची भीती नव्हती, माझी होती. मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि विसरतो. तिच्याकडे विसरलेली छत्री आणायला गेलो आणि टोपी तिथे ठेवून आलो, हे अगदी खरं आहे.

"बाबा, या शनिवारी मी रजा घेतलीय. बरोबर येते. बघते आणि मग ठरवते," ती म्हणाली.

भिंगरीने मला बाजूला घेऊन बजावलं, "आजोबा, आज काही म्हणजे काही विसरायचं नाही हं."

लेक स्वतःची गाडी घेऊन दारात आली. "आज तुम्ही चालवू नका, आरामात बसा." बसलो. तलावावर पोचल्यावर सगळं नीट केलं. लाइफ जॅकेटं घातली, पट्टे ओढून पाहिले, दोऱ्या तपासल्या, पाणी उपसायचा डबा जागेवर ठेवला. लेक हाताची घडी घालून बघत होती. वॉर्डात नव्या मुलींवर नजर ठेवतात ना, तशी.

वारा छान होता. भिंगरीने दांडा धरला आणि होडी अशी पळाली की लेकीच्या कपाळावरची आठी हळूहळू निघून गेली. "ही आपलीच का?" तिने विचारलं. "घरी तर पाण्याचा पेला सांडल्याशिवाय उचलत नाही."

"आई, बोलू नकोस, वारा फिरतोय," भिंगरी म्हणाली. मग तिने होडी वळवली आणि शिडाखालचा आडवा दांडा येताना आईचं डोकं खाली दाबलं. मला वाटलं, झालं, जिंकलो.

बारा वाजता शीड सैल सोडलं. होडी थांबली. डबा उघडला, पोळ्या, अंड्याची भुर्जी, सोललेली गाजरं. दोन-चार घास झाले असतील.

"बाबा, माझे पाय ओले का होताहेत?"

मी खाली पाहिलं. तळाशी बोटभर पाणी होतं आणि मागच्या फळीकडून आणखी येत होतं. मला तत्क्षणी कळलं. मागच्या फळीच्या तळाशी एक भोक असतं. होडी किनाऱ्यावर ओढली की साठलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याचं बूच काढून ठेवतात. होडी पळत असते तेव्हा त्या भोकातून पाणी बाहेरच खेचलं जातं. थांबली की आत यायला लागतं. बूच विसरू नये म्हणून मी ते माझ्या गाडीच्या किल्लीला बांधलंय. आणि किल्ली घरी खुंटीवर होती.

वाऱ्याने पाणी उडालंय, असं म्हणता आलं असतं. वल्हवत किनाऱ्यावर जायला दहा मिनिटं, तिला कळलंही नसतं. पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. ती पोळीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"अगं, त्याचं असं झालं," मी लेकीला म्हणालो, "आज तुझी गाडी आणली ना, त्यामुळे माझी किल्ली..."

"आजोबा," भिंगरी हळूच म्हणाली, "आधी चूक."

मी कारण तिथेच सोडलं. मग सांगितलं. "बूच विसरलो. होडीच्या बुडाचं भोक उघडं आहे. ते मी तपासलं नाही."

लेक डब्याकडे वळली, सगळ्यांत जाड गाजर उचललं आणि त्याचं टोक दातांनी कुरतडायला लागली. "भोक केवढं आहे?"

"अंगठ्याएवढं."

"सरका तिकडे. भोकं बुजवण्यात हयात गेली माझी." कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तिने गाजर दाबून बसवलं आणि वर दोनदा चापटी मारली. "गाजराची पुंगी. वाजली तर वाजली."

"नाही तर मोडून खाल्ली," मी म्हणालो.

"ते तुम्ही खा. मी नाही."

मी पाणी उपसायला घेतलं. भिंगरीने कोणी न सांगता शिडाची दोरी ओढली आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. अर्ध्या वाटेत होडीचा तळ दिसायला लागला. तरी मी उपसत राहिलो, कारण मान वर करायचा धीर नव्हता. पाळणाघरातली ती खोली डोळ्यांपुढे येत होती.

होडी ओढून वर घेतल्यावर भिंगरी शिडाची घडी घालायला गेली. लेक वाळूवर बसून चपलांतलं पाणी झटकत होती.

"बाबा, तुम्ही विसरता हे मला माहीतच होतं. त्यासाठी रजा कोण काढतं?"

"मग?"

"विसरल्यावर काय करता ते बघायचं होतं. वॉर्डात गोळी द्यायला विसरलेली मुलगी मला चालते, येऊन सांगत असेल तर. न देताच दिली म्हणून वहीत लिहिणारी चालत नाही." तिने दुसरी चप्पल झटकली. "सुरुवात मात्र तुम्ही कारणानेच केलीत."

"केली."

"तिने अडवलं."

"अडवलं."

लेकीने शिडाच्या ढिगाऱ्यात अर्धी हरवलेल्या पोरीकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला सांभाळायला कोणीतरी आहे होडीवर. मी उगाच काळजी करत होते." मग माझ्या हातातला उपसायचा डबा काढून घेतला, कारण तो मी अजून धरूनच होतो. "उद्या माझी सातची ड्यूटी आहे. साडेसहाला तिला सोडते तुमच्याकडे. दूध प्यायलेली नसेल, ते तुम्ही बघा."

मी हो म्हणालो. मग तिच्या शेजारी वाळूवर बसलो. ओली विजार वाळूने भरली. तिकडून भिंगरी विचारत होती, घडी बरोबर आहे का. बरोबर नव्हती. मी म्हटलं, असू दे, उद्या पुन्हा घालू.