कॉफी होईपर्यंत पौलाचं पत्र

मंगळवारच्या बायबल वर्गाचा नियम एकच, आणि तो पास्टरबाईंनाही मोडता यायचा नाही. चर्चच्या तळघरातल्या मोठ्या किटलीत कॉफी तयार होऊन तिचा लाल दिवा लागेपर्यंत वाचणाऱ्याने वाचत राहायचं. मग पुस्तक मिटायचं आणि भांडायचं. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण अमेरिकेत, मिनेसोटातल्या त्या गावचे लुथरन पंथाचे लोक त्याला दहा आज्ञांच्या खालोखाल मानत.

आज वाचायची पाळी हार्लनने मागून घेतली होती. त्याची धाकटी बहीण आर्डिस समोरच बसली होती. शनिवारी तिच्या मुलाचं, लेफचं, याच चर्चमध्ये डेस्मंड नावाच्या तरुणाशी लग्न होतं. लेफचे वडील गेल्यापासून त्याला मासे पकडायला, गाडी चालवायला, सगळं हार्लनमामानेच शिकवलेलं. म्हणून वेदीपाशी आपल्या शेजारी उभं राहायला त्याने मामालाच विचारलं. मामाने "रोमकरांस पत्र, पहिला अध्याय" एवढंच म्हणून फोन ठेवला. आर्डिस त्या दिवशी इतकी चिडली की तिने बायबलमधलं पौलाचं ते अख्खं पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचून काढलं.

हार्लनने चष्मा लावला. अध्याय संपायला आणि दिवा लागायला एकच गाठ पडावी म्हणून त्याने घरी घड्याळ लावून सराव केला असणार, माणूसच तसा. तेवढ्यात आर्डिसला दिसलं की किटलीची वायर प्लगला न लावता टेबलाखाली नुसतीच लोंबतेय. किटलीचं काम व्हर्नाचं, आणि व्हर्ना आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा सांगण्यात रंगलेली. आर्डिसने जन्मात कधी चर्चमध्ये लबाडी केली नव्हती. ती गप्प बसली.

लोकांनी देवाला सोडून पाखरांच्या, जनावरांच्या मूर्ती पुजल्या, इथवर वाचन आलं आणि व्हर्नाने तोंड घातलं. "हार्लन, तुझ्या भिंतीवर तो पेंढा भरलेला मासा आहे ना? त्याला तू रोज गुड मॉर्निंग म्हणतोस."

"मासा या यादीत नाही. वाचू दे."

पुढे बायका बायकांच्या आणि पुरुष पुरुषांच्या मागे लागल्याची ओळ आली, तिथे त्याने आवाज चढवला. वर लेफ शनिवारसाठी ऑर्गनवर हात बसवत होता. छतातून सूर झिरपत होते. आर्डिसचे कान तापले.

"देवाला विसरले म्हणून ते तसे झाले, असंच म्हणतोय ना पौल? मग वर वाजवतंय ते कोण? नवव्या वर्षापासून एक रविवार चुकवला नाही त्याने."

"प्रश्न कॉफीनंतर," हार्लन म्हणाला. मग चहाडखोर, गर्विष्ठ, निर्दय अशी सगळी यादी वाचून त्याने पुस्तक मिटलं.

"दिवा कुठे लागलाय?" व्हर्ना म्हणाली.

"अध्याय संपला."

"पौलाने पत्र लिहिलं, अध्याय नंतरच्या लोकांनी पाडले," आर्डिस म्हणाली. "वाच की."

नियम तो नियम. हार्लनने पुन्हा पुस्तक उघडलं. पुढच्याच वाक्यात पौल गर्रकन वळला होता: दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या माणसा, तू कुणीही असलास तरी तुलाही सबब नाही, त्याला ठरवतोस तेव्हा स्वतःलाच ठरवतोस. हार्लन अडखळला. पुन्हा मनातल्या मनात वाचू लागला, ओठ हलत होते.

"हा माझ्याशी बोलतोय?"

"इथवर ऐकून जे माना डोलावत होते त्यांच्याशी." आर्डिस म्हणाली. "तो माझा मुलगा नसता तर मीही डोलावली असती रे."

"याचा अर्थ पौलाला हे लग्न मान्य झालं असतं, असा होत नाही."

"नसेल झालं. ते मला नाही ठाऊक. पण ही काठी त्याने तुझ्या हातात दिलेली नाही."

हार्लनने पुस्तक टेबलावर उघडंच ठेवलं. मग तो उठला आणि जिना चढून गेला. वरचा ऑर्गन ओळीच्या मध्येच थांबला.

"अगं बाई, वायर!" व्हर्ना टेबलाखालून ओरडली.

"मला मघाशीच दिसली होती," आर्डिस म्हणाली.

व्हर्ना हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आर्डिसलाही हसू फुटलं, पण कान वरच होते. वर ना बोलणं, ना सूर.

पाच मिनिटांनी हार्लन खाली आला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला.

"सगळं पटलंय असं समजू नकोस," तो म्हणाला. "पुढचे चौदा अध्याय वाचायचेत अजून."

"वाच सावकाश. शनिवार मात्र थांबायचा नाही."

"शनिवारी मी उभा राहणार आहे. तसं सांगायलाच गेलो होतो, पण तोंडातून शब्दच फुटेना."

"मग लेफ काय म्हणाला?"

"काही नाही." हार्लनने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. "ऑर्गनच्या बाकावर सरकला आणि मला बसायला जागा केली."