घरीच आहेत

"सापडले हो, कधीच सापडले. घरीच आहेत," खांद्याने फोन कानाशी दाबून धरत विमलाताई म्हणाल्या. हात मेथीत होते.

"पण आंटी, मी आत्ता इथे..." पलीकडची मुलगी काही सांगू पाहत होती.

"अगं बाळा, पोस्ट जुनी आहे ती. तारीख बघतच नाही तुम्ही लोक. थँक्यू हां," म्हणत त्यांनी फोन ठेवून दिला.

गेल्या गणपतीनंतर श्यामकांतराव दिंडोशीच्या घरातून असेच कुठेतरी निघून गेले होते. विसरण्याच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. सर्वेशने वडिलांचा फोटो फेसबुकवर टाकला, 'हरवले आहेत' असं लिहून खाली आईचा नंबर दिला. लोकांनी शेअर करकरून संध्याकाळच्या आत त्यांना विलेपार्ल्यात शोधून काढलं. ज्या बिस्किटाच्या कारखान्यात ते जन्मभर कामाला होते, त्याच्या जुन्या भिंतीपाशी ते उभे होते. मग सर्वेशने 'सापडले, कृपया आता शेअर करू नका' असंही लिहिलं. ते मात्र कुणी शेअर केलं नाही. चांगली बातमी पुढे पाठवायला लोकांना सवड नसते. कुणीतरी तारीख कापून तो फोटो व्हॉट्सॲपवर सोडला आणि तेव्हापासून कधी जळगाव, कधी बेळगाव, फोन येतच राहिले. विमलाताई सगळ्यांशी गोड बोलत, आधी मनापासून आणि नंतर सवयीने. आज मात्र त्या जरा वैतागल्या होत्या.

मेथी निवडून झाल्यावर त्या चहाचं विचारायला आतल्या खोलीत गेल्या. पलंगावर चादरीची नीट घडी होती. माणूस नव्हता. न्हाणीघर रिकामं, गॅलरी रिकामी. कचरेवाल्यासाठी काढलेली दाराची कडी तशीच राहिली होती.

मग त्यांना तो शब्द आठवला. 'इथे' म्हणाली होती ती मुलगी. 'आत्ता इथे.'

त्यांनी त्या नंबरवर फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

सर्वेश कामावरून धावत आला. "कडी कशी काय उघडी राहिली, आई?"

"कचरेवाला आला होता रे."

मुलीच्या फोनचं त्या बोलल्या नाहीत. सांगायचं होतं, पण जीभ उचलेना. पुढच्या रिंगला ती उचलेल, मग सांगू. भ्यालेलं माणूस स्वतःशी असल्याच तडजोडी करतं.

सर्वेश पोलिसांत जाऊन आला, आजूबाजूच्या गल्ल्या बघून आला. मग त्याने पुन्हा पोस्ट टाकली. फोटो तोच, कारण त्यानंतर वडील फोटोला धड बसलेच नव्हते. खाली भराभर लोक लिहू लागले. 'जुनी पोस्ट आहे.' 'हे काका सापडलेत, फेक आहे.' एकाने तर विचारलं, 'लाइक मिळवायला बापाला किती वेळा हरवणार?' सर्वेश प्रत्येकाला 'आज पुन्हा हरवलेत' असं उत्तर देत होता, पण उत्तर वाचतो कोण. वस्तीच्या ग्रुपवाल्याने पोस्टच काढून टाकली.

"वाट लागली यार," तो पुटपुटला.

एवढ्यात आणखी एक कॉमेंट आली. त्याने मोठ्याने वाचली. "'मी आज सकाळीच आंटींशी बोलले. काका घरीच आहेत. प्लीज शेअर करू नका.' कोणी ॲन्ड्रिया आहे." त्याने मान वर केली. "आई, सकाळी कोणाशी बोललीस तू?"

खाली लोक त्या कॉमेंटला बदाम देत होते.

"तिने बघितलं असणार त्यांना," विमलाताई म्हणाल्या. "सांगत होती रे ती. मी ऐकून घेतलं नाही."

सर्वेश ओरडला असता तर बरं झालं असतं. "मला आधी सांगायचंस ना," एवढंच तो हळू आवाजात म्हणाला आणि ॲन्ड्रियाला मेसेज करू लागला.

तिचा लगेच फोन आला. ती शाळेत शिकवत होती, मधल्या सुट्टीत तिने फोन हातात घेतला होता. "मरोळला, आमच्या गावठाणातल्या क्रुसाच्या पायरीवर बसले होते. निळा शर्ट, बटणं वरखाली लागलेली. काका घरीच आहेत असं आंटी म्हणाल्या, म्हणून मला वाटलं दुसरे कोणी असतील. मी निघून आले. सॉरी हां, खरंच सॉरी."

चूक आपली आणि माफी ती मागतेय, या विचाराने विमलाताईंना रिक्षात रडू फुटलं. सिग्नल लागला की त्या मान बाहेर काढून पुढे बघत होत्या.

क्रुसाची पायरी रिकामी होती. वर झेंडूची सुकलेली माळ, खाली विझलेली मेणबत्ती. सर्वेश एका गल्लीत पळाला. विमलाताई दुसरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि हाक मारायला गेल्या. 'अहो' म्हणून या परक्या रस्त्यात कोण वळून बघणार? उभ्या संसारात नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं.

"श्यामकांत," त्या ओरडल्या. "श्यामकांत."

एका घराच्या ओट्यावरून तिथल्या म्हाताऱ्या क्लॅरिसबाई उठल्या. त्यांनी ना पोस्ट पाहिली होती, ना फोटो. "हे तुमचे काय? उन्हात बसले होते. म्हटलं, कोणाचे तरी असतीलच. म्हणून आत बसवलं."

आत श्यामकांतराव केळं खात होते. विमलाताईंकडे बघून म्हणाले, "कंपनीची बस आली का?"

"आली," त्या म्हणाल्या. "चला."

त्यानंतर सर्वेश नंबर बदलून आणतो म्हणाला. विमलाताईंनी नको म्हणून सांगितलं. पोस्ट अजून फिरते आहे.

परवा त्या कणीक मळत असताना फोन वाजला. लातूरहून कुणी गृहस्थ विचारत होते, "आजी, ते आजोबा सापडले का हो?"

"थांबा हं, बघून सांगते."

हात पुसून त्या फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. श्यामकांतराव खिडकीशी बसले होते. शर्टाची बटणं आजही वरखाली लागली होती. विमलाताईंनी फोन पलंगावर ठेवला, बटणं काढली आणि एकेक नीट लावली. पलंगावरून लांबचं हॅलो, हॅलो ऐकू येत होतं.

मग त्यांनी फोन उचलला.

"हो," त्या म्हणाल्या. "आहेत."