दाब उतरेपर्यंत

देवासच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी माधवी दर रविवारी धारला सासरी येई आणि नव्या गाड्यांची इंग्रजी पुस्तकं गॅरेज चालवणाऱ्या सासऱ्यांना, अण्णांना, मराठीत वाचून दाखवी. हे दोघांपुरतंच होतं. गॅरेजात गिऱ्हाइकासमोर अण्णांना काही सांगायचं नाही, हा घरातला न बोललेला नियम. लग्नाला सहा वर्षं झाली, तिनं तो कधी मोडला नव्हता.

त्या रविवारी बदनावरचा फत्तेसिंग सोयाबीनची पिकअप घेऊन आला. गाडी झटके खात होती. अण्णांनी मशीन लावून पाहिलं. डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर गेला होता. इंजिन बंद करून त्यांनी लगेच पाना उचलला.

माधवीनं चहाचं विचारलं. दाब उतरायला तेवढीच दहा मिनिटं मिळाली असती.

“चाय-वाय रेन दो भाभी,” फत्तेसिंग म्हणाला. “मंडी में लाइन लगी है. अन्ना का तो दो मिनट का काम है!”

अण्णांची सवय तिला ठाऊक होती. नट अर्धा फेरा सैल करायचा, भोवती बोटं धरायची, दाब फुस्सकन निघाला की पुढचं काम. जुन्या डिझेल गाड्यांत ते चालून जाई. या नव्या गाडीच्या डिझेलच्या नळीत हवेच्या दाबाच्या हजारपट दाब असतो. तसली धार कातडीत शिरली तर बोट जातं.

पाना सेन्सरवर बसला. डावी बोटं खाली गेली.

“अण्णा, हात काढा!”

“लो! अब बहू सिखाएगी?” फत्तेसिंग हसला.

अण्णा वळले. “का?”

“दाब उतरला नाही अजून. दहा मिनिटं तरी थांबायला हवं. नाहीतर बोट जाईल तुमचं.”

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. पाना काढून ते स्टुलावर बसले. फत्तेसिंगनं दोनदा मंडीची आठवण करून दिली. “बैठ जा,” एवढंच ते म्हणाले. माधवीला आत निघून जावंसं वाटलं, पण ती हलली नाही.

बारा मिनिटांनी अण्णांनी वायरचं टोक सोडवलं, भोवतालची धूळ पुसली, सेन्सर फिरवून काढला. फडक्यावर डिझेलचे दोन थेंब पडले. नवा सेन्सर त्यांनी हातानं आटे धरेपर्यंत फिरवला आणि ते थांबले.

“घट्ट किती करायचा गं?” त्यांनी माधवीला विचारलं. फत्तेसिंग शेजारीच उभा होता.

“पाठ नाही मला. पुस्तकात बघून सांगते.”

“बघ. तोवर मी हात लावत नाही.”